दिवाळखोरीपूर्वी रद्द झालेला विकास करार : मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे हे प्रकरण आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे, ठिकाण आणि काही तपशील बदलले आहेत. संस्थेच्या दोन इमारती होत्या, सभासद 56 होते आणि जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, संस्थेच्या नावे झालेले होते. इमारती जीर्ण झाल्याने संस्थेने 2012 मध्ये एका विकासक कंपनीशी नोंदणीकृत विकास करार केला आणि त्यासोबत ‘रद्द न करता येणारे’ असे शब्द असलेले कुलमुखत्यारपत्रही दिले. पुनर्विकास दोन टप्प्यांत व्हायचा होता. 2016 मध्ये ‘ब’ इमारतीतील 24 कुटुंबे भाड्याच्या घरांत गेली आणि ती इमारत पाडण्यात आली. ‘अ’ इमारतीतील 32 कुटुंबे जागेवरच राहिली. महापालिकेकडून जोत्यापर्यंतच्या बांधकामाचा प्रारंभ दाखला मिळाला, पायाचे खोदकाम झाले, विकासकाने विक्रीच्या हिश्शातील नऊ सदनिका बाहेरच्या खरेदीदारांना नोंदणीकृत कराराने विकल्या, आणि 2018 च्या पावसाळ्याआधी काम थांबले. जुलै 2018 पासून भाडेही थांबले.

काम थांबण्याचे मूळ या भूखंडावर नव्हते. कंपनीने दुसऱ्या एका प्रकल्पासाठी बँकेकडून मोठे कर्ज घेतले होते, ते खाते थकीत झाले, आणि 2020 च्या सुरुवातीला बँकेने नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 7 खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, मुंबई खंडपीठापुढे अर्ज दाखल केला. कोरोनाकाळामुळे तो अर्ज न्यायाधिकरणाने दाखल करून घेण्यापूर्वीच्या सुनावणीतच दीर्घकाळ राहिला. संस्थेला या अर्जाची माहिती मिळाली ती एका सभासदाने एनसीएलटीच्या संकेतस्थळावरील सुनावण्यांची यादी पाहिली तेव्हा. विकासकाने ती कधीच दिली नव्हती.

अडचण नेमकी कोठे होती

एनसीएलटी बँकेचा अर्ज दाखल करून घेते त्या दिवसाला संहितेच्या दृष्टीने फार मोठे महत्त्व आहे. त्या दिवसापासून कलम 14 खालील स्थगनकाळ, ज्याला व्यवहारात मोरॅटोरियम म्हणतात, सुरू होतो. कंपनीविरुद्ध नवे दावे करता येत नाहीत, चालू दावे आणि लवादाच्या कार्यवाह्या थांबतात आणि, या प्रकरणात सर्वांत कळीचे म्हणजे, कलम 14(1)(ड) नुसार कंपनीच्या वहिवाटीत किंवा ताब्यात असलेली मालमत्ता तिच्या मालकालासुद्धा परत घेता येत नाही.

अर्ज दाखल करून घेतला जाईल त्या दिवशी विकास करार जिवंत असेल, तर भूखंडावरील विकास हक्क ही कंपनीची मालमत्ता ठरून त्यांचे भवितव्य धनकोंच्या, म्हणजे कर्जदात्यांच्या, समितीच्या हाती जाईल, ही भीती खरी होती. कायद्याने या दिवाळखोरी प्रक्रियेची कमाल मुदत 330 दिवसांची असली तरी प्रत्यक्षात ती अनेकदा ओलांडली जाते. तीन वर्षे स्वतःच्या खिशातून भाडे भरणाऱ्या, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबांना आणखी तीन वर्षे थांबा असे सांगणे म्हणजे काय, याचा विचार केला तरच संस्थेच्या व्यवस्थापक समितीच्या बैठकांतला ताण समजतो. ‘ब’ इमारतीतील काही ज्येष्ठ सभासदांचा मृत्यू या काळात भाड्याच्या घरातच झाला होता.

कोणते पर्याय तोलले गेले

2021 च्या उन्हाळ्यात समितीपुढे विकासकाचा एक प्रस्ताव होता: नवा भागीदार आणतो, सहा महिने द्या. ‘अ’ इमारतीतील बऱ्याच सभासदांचा कल त्या बाजूला होता, कारण त्यांचे घर अजून उभे होते आणि कोर्टकचेरीची धास्ती मोठी होती. पण भागीदाराचे नाव किंवा लेखी हमी यांपैकी काहीच समोर आले नाही. शिवाय सहा महिन्यांत बँकेचा अर्ज दाखल करून घेतला गेला असता तर निर्णय संस्थेच्या हातून निसटला असता. हा पर्याय समितीने सोडला आणि माझ्या मते ते योग्य होते.

करारात लवादाचे कलम असल्याने उच्च न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम 9 खाली अंतरिम आदेश मागावा, असा दुसरा विचार होता. न्यायालयाचा आदेश हाती असला की पुढे कुणी शंका घेणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यातली अडचण अशी की ती कार्यवाही कंपनीविरुद्धची असल्याने, आदेश होण्याआधी मोरॅटोरियम लागला तर ती जागच्या जागी गोठली असती आणि करार मात्र रद्द न होता तसाच उरला असता.

उरला पर्याय करार स्वतःहून रद्द करण्याचा, पण तो कोणत्या कारणाने करायचा, हा खरा निर्णयाचा मुद्दा होता. करारात रद्द करण्याची दोन वेगळी कारणे दिली होती. एक, मुदतीत काम पूर्ण न करणे किंवा भाडे न देणे. दोन, कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू होणे. समितीतील काहींना दुसरे कारण सोपे वाटले, कारण ते सिद्ध करावे लागत नाही. बँकेचा अर्ज कागदावर होताच.

वकिलांनी ते ठामपणे नाकारले. मार्च 2021 मध्येच गुजरात ऊर्जा विकास निगमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले होते की, केवळ दिवाळखोरी प्रक्रियेच्या कारणावरून करार रद्द केला जात असेल आणि तो करार कंपनीच्या अस्तित्वाचा आधार असेल, तर कलम 60(5)(क) खाली एनसीएलटी त्यात हस्तक्षेप करू शकते. तिथे सौर ऊर्जा कंपनीचा वीज खरेदी करार हा तिचा एकमेव करार होता. त्याच निकालात न्यायालयाने एनसीएलटीच्या अधिकाराला मर्यादाही घातली होती: वादाचा दिवाळखोरीशी थेट संबंध हवा. त्यामुळे संस्थेने दिवाळखोरीचे कारण वापरणे म्हणजे स्वतः होऊन त्या अधिकारकक्षेत शिरणे ठरले असते. नोटिशीच्या पहिल्या मसुद्यात ‘आपली कंपनी आर्थिकदृष्ट्या डबघाईला आली असून बँकेने अर्ज केला आहे’ असे वाक्य होते. ते पूर्ण काढून टाकण्यात आले. पुढे या एका काटछाटीचा संस्थेला फार उपयोग झाला.

करार रद्द करण्याची कृती

मे 2021 मध्ये कसुरीची नोटीस गेली. थांबलेले काम, थकलेले भाडे आणि ओलांडलेल्या मुदती यांचा तारीखवार तपशील देऊन करारानुसार दुरुस्तीसाठी 60 दिवस दिले होते. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेले पाकीट ‘पत्ता सोडून गेले’ या शेऱ्यासह परत आले. कंपनीचा नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता मात्र कंपनी निबंधकाच्या दप्तरी तोच होता. संस्थेने परत आलेले पाकीट न फोडता जपून ठेवले, त्याच दिवशीचा ईमेल आणि संचालकांना पाठवलेल्या प्रतींच्या पोचपावत्या एकत्र लावल्या. कंपनीला नोंदणीकृत पत्त्यावर पाठवलेली नोटीस कायद्याने बजावलेली मानली जाते, पण ती पाठवल्याचा पुरावा जपणे ही पाठवणाऱ्याचीच जबाबदारी असते.

60 दिवस जुलैत संपले. ऑगस्टमध्ये विशेष सर्वसाधारण सभेने करार रद्द करण्याचा ठराव बहुमताने मंजूर केला, मे महिन्यातील समितीच्या नोटिशीलाही मान्यता दिली आणि रद्द केल्याचे अंतिम पत्र रवाना झाले. सप्टेंबरमध्ये कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याचा लेख दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला, एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर सूचना दिली आणि महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाला कळवले.

इथवर बहुतेक संस्था येतात आणि थांबतात. ताब्याचा प्रश्न स्वतंत्र आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. करार संपला तरी जागेवर कंपनीचे पत्र्याचे कुंपण, कंपनीचे कुलूप आणि कंपनीचा पहारेकरी असेल, तर 14(1)(ड) चा शब्दार्थ संस्थेच्या विरोधात जातो, कारण ते कलम करार चालू आहे की संपला हे विचारतच नाही. ते वहिवाट आणि ताबा विचारते.

या बाबतीत मुंबईचेच एक उदाहरण डोळ्यांसमोर होते. गोरेगावच्या सिद्धार्थनगर, म्हणजे पत्रा चाळ, प्रकल्पात म्हाडाने विकासक कंपनीवर मोरॅटोरियम लागल्यानंतर, जानेवारी 2018 मध्ये, करार रद्द करण्याची आणि ताबा देण्याची नोटीस काढली. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हाडाविरुद्ध निकाल दिला: विकासकाला जमिनीत मालकी हक्क नसला, त्याचा प्रवेश निव्वळ परवान्यासारखा असला, तरी प्रत्यक्ष वहिवाट त्याची असेल तर मोरॅटोरियम चालू असताना ती काढून घेता येत नाही. त्यामुळे ‘आमच्या करारात ताबा संस्थेकडेच राहील असे लिहिले आहे’ एवढ्यावर विसंबणे धोक्याचे होते.

इथे जागेवरची परिस्थिती संस्थेला अनुकूल होती. विकासकाचा पहारेकरी पगार थकल्याने कित्येक महिन्यांपूर्वीच निघून गेला होता आणि बांधकामाचा तात्पुरता वीजजोड तोडला गेला होता. कुणालाही हाकलावे लागले नाही, आणि हाकलायचे नाहीच, असे वकिलांनी बजावलेही होते. सप्टेंबरच्या मध्यात समितीने पंचांसमक्ष पंचनामा केला, मोकळ्या भूखंडाची आणि खड्ड्याची छायाचित्रे काढली, उरलेल्या साहित्याची यादी करून ते एका बाजूस सुरक्षित ठेवले, संस्थेचा फलक लावला, संस्थेच्या वेतनावर पहारेकरी नेमला आणि पोलीस ठाण्यास लेखी कळवले. पहारेकऱ्याची हजेरीवही त्या दिवसापासून रोज भरली जाऊ लागली.

ऑक्टोबर 2021 च्या तिसऱ्या आठवड्यात एनसीएलटीने बँकेचा अर्ज दाखल करून घेतला.

प्रक्रिया सुरू झाल्यावर

निराकरण व्यावसायिकाने, म्हणजे प्रक्रियेच्या काळात कंपनीचा कारभार पाहणाऱ्या आणि सारेच ज्यांना आरपी म्हणतात त्या व्यक्तीने, नेमणुकीनंतर कंपनीच्या मालमत्तेची यादी केली आणि त्यात या भूखंडाचे विकास हक्क घेतले. त्यात त्यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. नोंदणी विभागाच्या सूची-2 मध्ये 2012 चा करार दिसतच होता, आणि एकतर्फी रद्द केल्याची नोंद तिथे आपोआप होत नाही. कंपनीची मालमत्ता जपणे हे त्यांचे कायदेशीर कर्तव्यच आहे.

लगेच दुसरा निर्णय करावा लागला: थकीत भाड्याचा दावा आरपीकडे दाखल करायचा का? समितीला भीती होती की दावा केला म्हणजे करार चालू असल्याचे मान्य केले, असा अर्थ निघेल. उलट बाजूला त्याहून मोठा धोका होता. एप्रिल 2021 च्या घनश्याम मिश्रा प्रकरणातील निकालानुसार, निराकरण आराखडा, म्हणजे कंपनी सावरण्याची योजना, मंजूर झाला की त्यात समाविष्ट नसलेली देणी संपुष्टात येतात. अखेर करार रद्द होईपर्यंतच्या 38 महिन्यांचे, दरमहा 35 हजार रुपये दराने 24 कुटुंबांचे, व्याजाविना 3 कोटी 19 लाख रुपयांचे भाडे मागण्यात आले. दाव्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते की ही रक्कम आधीच रद्द झालेल्या कराराखालील रद्द होण्यापूर्वीची आहे आणि करार आज अस्तित्वात नाही. दावा आणि भूमिका एकमेकांना पूरक ठरल्या, हे चांगल्या मसुद्याचे श्रेय.

न्यायाधिकरणापुढील वाद

2022 मध्ये आरपीने कलम 60(5) खाली अर्ज केला आणि करार रद्द केल्याचे पत्र बेकायदा ठरवून संस्थेला नवा विकासक नेमण्यापासून रोखावे अशी मागणी केली. त्यांचे मुद्दे असे होते: नोटीस बजावली गेली नाही, समितीने सर्वसाधारण सभेआधीच नोटीस काढली, हितसंबंधासह दिलेले कुलमुखत्यारपत्र करार कायद्याच्या कलम 202 मुळे रद्द होऊ शकत नाही, बँकेचा अर्ज प्रलंबित असल्याचे ठाऊक असताना घाईने केलेली ही कृती म्हणजे दिवाळखोरीच्याच कारणाने केलेले रद्दीकरण आहे, आणि भूखंडावर कंपनीचे पत्रे अजूनही उभे आहेत, सबब वहिवाट कंपनीची आहे.

चौथा मुद्दा सर्वांत गंभीर होता. संस्थेने मे महिन्याची नोटीस आणि ऑगस्टचे पत्र पुढे ठेवले; दोन्हींत दिवाळखोरीचा उल्लेखही नव्हता, आणि 2018 पासूनची कसूर बँकेच्या अर्जाच्या कितीतरी आधीची होती. याच सुमारास नोव्हेंबर 2021 चा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि एस. के. व्हील्स यांच्यातील निकाल उपलब्ध झालेला होता. त्यात तर करार प्रक्रिया सुरू झाल्यानंतर रद्द केला गेला होता, तरीही रद्द करण्याचे कारण सेवेतील त्रुटी हे असल्याने एनसीएलटीला त्यात पडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. प्रक्रियेच्या आधीच, कसुरीच्या कारणाने संपलेल्या कराराची बाजू त्याहून भक्कम होती.

पत्र्यांच्या मुद्द्यावर पंचनामा, हजेरीवही आणि पोलीस ठाण्याची पोच कामी आली. तुटके पत्रे म्हणजे वहिवाट नव्हे, हे न्यायाधिकरणाने मान्य केले. आदेशाचा गाभा असा होता की मोरॅटोरियम ज्या दिवशी लागतो त्या दिवशी कंपनीकडे जे आहे त्याचे तो रक्षण करतो. आधीच संपलेला हक्क त्याने पुन्हा निर्माण होत नाही. रद्दीकरण करारानुसार योग्य होते की नाही, हा प्रश्न एनसीएलटीने स्वतः ठरवला नाही. आरपीला हवे असल्यास त्यांनी लवादाकडे जावे, असे सांगून अर्ज फेटाळला. 2023 मध्ये अपिली न्यायाधिकरणानेही हाच आदेश कायम केला.

समांतर अडचण महापालिकेत होती. नवा प्रस्ताव सादर करताना जुन्या विकासकाचे ना-हरकत पत्र मागितले जात होते, आणि ते द्यायला कुणी उरलेच नव्हते. एनसीएलटीचा आदेश महापालिकेवर थेट बंधनकारक नव्हता. म्हणून संस्थेने उच्च न्यायालयात रिट याचिका केली आणि त्या ना-हरकत पत्राचा आग्रह न धरता प्रस्ताव गुणवत्तेवर तपासण्याचा निर्देश मिळवला. हे पाऊल वर्षभर आधी उचलता आले असते.

निष्पत्ती

कंपनीसाठी एकही स्वीकारार्ह निराकरण आराखडा आला नाही आणि ती अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याची कार्यवाही सुरू झाली. संस्थेचा भाड्याचा दावा मान्य झाला, परंतु तारण नसलेल्या देण्यांपर्यंत पैसा पोचला नाही. 3 कोटी 19 लाखांपैकी काहीही मिळाले नाही. संस्थेने 2024 मध्ये नव्या विकासकाशी करार केला. थकीत भाड्याचा काही भाग त्याने कॉर्पसच्या, म्हणजे सभासदांना दिलेल्या एकरकमी निधीच्या, रूपाने भरून दिला आणि त्या बदल्यात सभासदांनी वाढीव क्षेत्रफळातला थोडा हिस्सा सोडला.

नऊ खरेदीदारांचे मात्र कठीण झाले. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये वैदेही आकाश हाउसिंगच्या निकालात स्पष्ट केले होते की, विकासकाचा करार संपल्यावर त्याच्याकडून सदनिका घेणाऱ्यांना संस्थेविरुद्ध कराराची अंमलबजावणी मागता येत नाही. त्यांना कंपनीच्या प्रक्रियेत वित्तीय धनको म्हणून दावा करण्याचाच मार्ग राहिला. संस्थेची त्यांच्याप्रति कायदेशीर जबाबदारी नव्हती हे खरे, पण 2018 मध्येच त्यांना पत्र लिहून वस्तुस्थिती कळवली असती तर त्यांपैकी काहींना वेळेत स्वतःचे संरक्षण करता आले असते. हे न केल्याची खंत समितीतील दोघांनी उघडपणे व्यक्त केली.

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वांद्र्याच्या खेरनगरमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात हाच प्रश्न हाताळला. प्रक्रिया सुरू होण्यापूर्वी रद्द झालेला विकास करार, आणि जागेचा ताबा विकासकाकडे नसताना उरलेले कोरे विकास हक्क, यांना मोरॅटोरियमचे संरक्षण मिळत नाही, अशी त्या निकालाची दिशा आहे. या प्रकरणातील संस्थेला तो निकाल उपलब्ध नव्हता. तिला आपला मार्ग कागदपत्रांच्या बळावरच काढावा लागला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महागात पडलेली गोष्ट म्हणजे बँक हमी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79अ खालील शासकीय निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक हमीची तरतूद आहे. या संस्थेने सुरुवातीला हमी घेतलीही होती, पण 2017 मध्ये तिची मुदत संपली आणि नूतनीकरण कुणी मागितले नाही. ती चालू असती तर मोरॅटोरियमच्या काळातही वटवता आली असती, कारण बँकेने दिलेल्या हमीवर कलम 14 ची बंदी येत नाही. भाड्याचे सर्व नुकसान त्यातून भरून निघाले असते.

दुसरी गोष्ट तारखांची. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर अशा तीन टप्प्यांत रद्दीकरण झाल्याने नेमका करार कोणत्या दिवशी संपला यावर आरपीने बराच वाद घातला. तिन्ही तारखा ऑक्टोबरपूर्वीच्या होत्या म्हणून निभावले. बँकेचा अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाखल करून घेतला गेला असता तर कुलमुखत्यारपत्र आणि पंचनामा हे दोन्ही मोरॅटोरियमनंतरचे ठरले असते आणि प्रकरणाचा निकाल कदाचित उलटा लागला असता. सर्वसाधारण सभेची मान्यता मे महिन्याआधी घेऊन, 60 दिवस संपताच त्याच दिवशी करार संपेल असे नोटिशीतच लिहिले असते, तर ही जोखीम टळली असती.

तिसरे, करार रद्द झाल्याचे अर्जदार बँकेला लगेच कळवायला हवे होते. बँकेने आणि पुढे धनकोंच्या समितीने या भूखंडाचे मूल्य गृहीत धरूनच चर्चा केली. आधी कळले असते तर आरपीचा अर्जही कदाचित झाला नसता. समितीने तेव्हा असा विचार केला की बँकेशी आपला करारसंबंध नाही. तो कायद्याने बरोबर होता, व्यवहाराने नव्हता.

नव्या करारात संस्थेने बँक हमीच्या मुदतीआधी 60 दिवस नूतनीकरण न झाल्यास हमी वटवण्याचा अधिकार घेतला आहे, भूखंडाच्या प्रवेशद्वारावर संस्थेचाही पहारेकरी राहील अशी अट घातली आहे, आणि विकासकाविरुद्ध एनसीएलटीत कोणताही अर्ज झाल्यास सात दिवसांत लेखी कळवण्याचे बंधन ठेवले आहे. जुन्या कंपनीच्या अवसायकाने महापालिकेकडे भरलेल्या अधिमूल्याच्या परताव्यासाठी लवादाची नोटीस दिली आहे. ते प्रकरण अजून प्रलंबित आहे.